कागद थंड होत नाही

एक्केचाळीस हजार त्रिकोण होते
खेळातून चिलखत उतरवलं तेव्हा.
सरदारणीच्या खांद्यावरच्या नुसत्या एका चापाला नऊशे.
कापणार कोण?
पालेभाजी निवडावी तसे
एकेक बिंदू पुसत बसले.
रात्रीचे दोन, उद्यमनगर गप्प,
एखादीच भट्टी कुठंतरी घोरत होती.

आठशे साठवर आणलं.
नक्षी गेली, गंज गेला,
कुणीतरी जीव ओतून काढलेले
तलवारीचे ओरखडे गेले.
राहिला आकार,
सरळ कडांचा, जरा बावळट.

मग शिरस्त्राण उलटं करून आत बघितलं.
आत कुणीच नव्हतं.
गळा बंद. मनगटं बंद.
पत्र्याला जाडी म्हणून नाही,
मागून पाहिलं की आरपार हवा.
तिनं चिलखत घातलंच नव्हतं कधी.
ती चिलखतच होती,
वर एक चेहरा डकवलेला.
गळ्याचं झाकण पुसून टाकलं,
माझं डोकं जायला वाट हवी.

आबा म्हणाले, माप मी घेतो.
बत्तीस वर्षं लाकडी पॅटर्न केले त्यांनी
मुजावरांच्या फौंड्रीत,
पंपांची घरं, इंजिनांची बुडं.
आता अवजारं कॉटखाली,
तेलाच्या फडक्यात.
कागदाची पट्टी माझ्या डोक्याभोवती फिरवली,
नखानं खूण केली,
मग पितळी पट्टीवर ताणून धरली.
"पाचशे चौपन्न. लिही. आणि मोकळीक ठेव."
सहा ठेवली.

सदतीस कागद, लग्नपत्रिकेचे, जाड.
बिंदू चौकातल्या छापणाऱ्यानं विचारलं,
"कसलं ब्लाऊजचं कटिंग म्हणायचं हे?"
लोखंडाचं, म्हटलं.

तुटक रेघ म्हणजे डोंगर,
मध्ये टिंब आलं की दरी.
घडीची रेघ दाबायला
पापाच्या तिकटीवरच्या सातपुत्यांनी
चपलांची एक बोथट आरी दिली,
परत आण म्हणाले, दोनदा.
प्रत्येक कडेला आकडा.
एकशे सतरा एकशे सतरालाच चिकटणार,
पत्रिका जुळल्यासारखी,
मग ती कडा कितीही लांबच्या कागदावर असो.
अकरा दिवस बोटांवर फेविकॉलची साल.

आणि शिरस्त्राण कानाशी अडलं.

फिरवून पाहिलं, केस दाबून पाहिलं,
चष्मा काढून पाहिलं.
आबांनी पितळी पट्टी उजेडात धरली,
कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं,
आणि असे हसले
की समोरच्या हौसाकाकू दारात आल्या.
"वैजे, ही आकसाची गं! बिडाची!
हिचा मिलिमीटर लबाड, जरा लांब असतोय.
ओतलेलं बीड थंड होताना आकसतंय,
शंभराला एक.
तेवढं ही आधीच धरून बसलेली असती.
तुझा कागद कुठं थंड व्हायचाय!"

म्हणजे माझं डोकं पाचशे साठ.
सगळी मोकळीक पट्टीनंच खाल्ली.
मी हिशेब करत होते, आणि मनात येत होतं,
हा माणूस बत्तीस वर्षं
जरा मोठ्या जगात वावरला,
जे उद्या निवल्यावर
बरोबर मापाचं होणार होतं.
घरात मात्र दारं, फळ्या, माझी उंची
कुठल्या पट्टीनं मोजली, कोण जाणे.

शिरस्त्राणाचे नऊ कागद पुन्हा छापले.
या वेळी शिंपिणीची टेप.

शेवटच्या पाकळीचं सगळ्यांचंच अडतं.
सगळीकडून बंद होत आलेलं,
आतून दाबायला बोट पोचत नाही.
"धर बाहेरनं," आबा म्हणाले,
आणि गळ्यातून हात घातला, कोपरापर्यंत.
आकडा दोनशे तीन.
चिकटेपर्यंत दोघं तसेच उभे,
मधे एका कागदाची जाडी.
त्यांचं बोट आत सरकलेलं मला कळत होतं.

"आलं का?" त्यांनी विचारलं.
थांबा, म्हटलं. अजून ओलं आहे.