खाली, सावकाश

ग्दान्स्कमधल्या त्या लाटेसारख्या वळत गेलेल्या लांबलचक इमारतीत,
सातव्या मजल्यावर,
फ्रिज आणि दार यांच्यामध्ये
एक चटई मावते. मोजून एक.
बोगुमिवा पहाटे पाचला स्टूल टेबलावर चढवते,
चटई पसरते,
उजवा गुडघा पुढे दुमडते, डावा पाय मागे सोडते
आणि थांबते.
बूड काही टेकत नाही.

सव्वीस वर्षं गोदीतल्या क्रेनवर.
चाळीस मीटर वर काचेची खोली, एक खुर्ची,
उजव्या पायाखाली ब्रेक.
बसणं अंगवळणी पडलं म्हणतात ना,
तसं अंगाला एकच वळण पडलं, खुर्चीचं.
हाडाची क्रेनवाली, असं फोरमन कौतुकानं म्हणायचा.
आता डॉक्टरही तेच म्हणतो, एक्स-रे उजेडात धरून.

वाचनालयाच्या तळघरात योगाचा वर्ग होता, दोनदा गेली.
शिकवणारी पोरगी मऊ आवाजात म्हणाली,
श्वास खुब्यात सोडा.
बाई, फुप्फुसं वरच्या मजल्यावर आहेत, बोगुमिवा म्हणाली.
कुणी हसलं नाही.
त्यात आसनाचं नावही कबुतराचं.
कबुतरांनी तिच्या काचेवर काय काय केलं होतं
ते त्या पोरीला काय ठाऊक.

तेव्हा घरीच.
क्रेनवर असायची तशी वही केली, रेघा मारलेली:
सोमवार. वारा नाही. उजवा खुबा, जमिनीपासून चार बोटं.
मंगळवार. चार बोटं.
बुधवार. चार, आणि खालच्या शेजाऱ्याचा काठीनं ठोका.
शनिवार, रविवार. यंत्र बंद. नात आली होती.
सोमवार. पाच!
ते उद्गारचिन्ह कागद फाटेपर्यंत दाबलेलं.

ओझं कसं उतरवायचं हे तिला कुणी शिकवायला नको.
जहाजाचा शंभर टनांचा तुकडा
उचलायला अक्कल लागत नाही, टेकवायला लागते.
शेवटची वीतभर जागा सगळ्यात लांब.
खाली झेनॉन उभा असायचा, तळवा जमिनीकडे,
बोटं हलवत: खाली, सावकाश. खाली. थांब.
वाऱ्यानं ओझं झुलायला लागलं तर ओढायचं नाही,
झोका आपला आपण दमतो.
आणि थेट जमिनीवर तर कधीच ठेवायचं नाही;
आधी लाकडी ठोकळे.

हे आठवलं नोव्हेंबरात, काळोखात,
चार बोटांवर लोंबकळताना.
उठली. नवऱ्याचं जुनं ब्लँकेट घडी करून
खुब्याखाली सरकवलं.
टेकली.
नव्वद किलोंचा तुकडा, ठोकळ्यावर, बिनआवाज.

मग आत कुठेतरी
एक मूठ, जी मूठ आहे हे तिला माहीतच नव्हतं,
करंगळीपासून उघडायला लागली.
तिला वाटलं, आता रडू येणार.
पोरगी म्हणाली होती, येतं कधीकधी.
रडू नाही आलं.
लघवीला लागली.

चाळीस मीटर वर संडास नसतो.
पुरुष बाटली न्यायचे.
ती सकाळी चहाच घ्यायची नाही, आणि तरी आठ तास
मांड्यांपासून जबड्यापर्यंत आवळून बसायची,
तशीच शिडी उतरायची, तशीच बसस्टॉपवर उभी राहायची,
पुढे निवृत्तीतही, सुट्टीतही, झोपेतही;
पाळी सुटल्याचा भोंगा
शरीराला कधी ऐकूच गेला नव्हता.

आसन अर्धं टाकून ती उठली.
सात पावलं. दार. दिवा.
खाली कुणाला हात करून विचारायचं नव्हतं,
कुणाच्या डोक्यावर काही लटकलेलं नव्हतं.
बसली, घाई न करता.

परत येऊन डावी बाजू.

वहीत त्या दिवशी:
गुरुवार. वारा असेल, लक्ष नव्हतं.
उजवा, टेकला, ब्लँकेटवर.
डावा, तीन बोटं.
सकाळी दोन कप चहा.