दोन हिवाळे जास्त

चूक सापडली आयरिक तेफ्रेला,
म्हणजे ज्याची होती त्यालाच.
बर्गनच्या आमच्या मत्स्यशास्त्राच्या त्रैमासिकाकडे
मंगळवारी त्याचं पत्र आलं:
हेरिंगच्या कानातल्या हाडाची वलयं
आम्ही चुकीची मोजली.
हिवाळ्याला एक वलय, हा नियम.
पण उपासमारीचंही एक उमटतं, फसवं,
आम्ही तेही धरलं.
नऊ वर्षांचे मासे सातच वर्षांचे होते.

संपादक मंडळ अडीच तास बसलं.
शुद्धिपत्र पुरेल, की माघारच?
शुद्धिपत्र म्हणजे तुटलेलं बटण लावणं,
इथे कापडच विरलंय,
म्हणाल्या राग्नफ्रिद बाई,
आणि कॉफीचा थर्मास रिकामा झाल्यावर
सगळ्यांना ते पटलं.

मसुदा माझ्याकडे.
'मागे घेतला' असं लिहायचं,
पण मागे काहीच येत नाही.
लेख तिथेच राहतो, कुणालाही वाचता येतो,
फक्त पानापानावर, तिरके, लाल,
हे दोन शब्द.
एकेचाळीस जणांनी त्याचा आधार घेतलाय,
त्यातल्या एकाच्या आकड्यांवर
उत्तरेकडच्या होड्यांचा कोटा ठरलाय.
त्यांना कुणी कळवायचं, हे नियमावलीत नाही.
मी कळवलं.
सहा उत्तरं आली.
एकाने विचारलं, आपण कोण?

नियमावलीत हे मात्र आहे: सर्व लेखकांची संमती.
तिसरा लेखक, ओद्वार येर्दे.
अशा वेळेसाठी वाक्य तयारच असतं:
'संपर्क होऊ शकला नाही.'
वलयं मोजली होती त्यानेच,
अकराशे चाळीस हाडं, एक डोळा मिटून,
आणि आता तो माझ्या बसथांब्यामागच्या दफनभूमीत,
डावीकडून चौथ्या ओळीत.
मी ते वाक्य खोडलं. 'निधन झाले आहे' लिहिलं.
कायदा विभागाने पुन्हा तेच घातलं.
मी पुन्हा खोडलं.

त्याच्या बायकोचा फोन आला.
नाव काढणार का त्याचं?
नाही, म्हटलं, नाव राहतं.
मग बराच वेळ नुसता श्वास.
'त्या वलयाचं बोलला होता तो,
जेवताना. शंका येतेय म्हणाला.
मीच म्हटलं, गार होतंय, जेव आधी.'

हे सूचनेत बसत नाही.
सूचना एकशे वीस शब्दांची.

शुक्रवारी ती लागली.
बसला अजून आठ मिनिटं होती.
चौथ्या ओळीपर्यंत जाऊन यायला
तेवढी पुरतात.