अर्धी भूल

एलेओदोरो बार्रिया, वय एकाहत्तर,
उजवा खुबा झिजलेला.
टेबलाच्या कडेवर बसलाय, पाय लोंबते,
नेलिदानं समोरून खांदे धरलेत.
मी पाठीमागे. मला त्याचा चेहरा दिसत नाही,
फक्त बरगड्या, वरखाली.

"पाठ वाकवा, आजोबा. हनुवटी छातीला.
चिडलेल्या मांजरासारखं."
"मांजर कशाला? बावन्न वर्षं मेंढ्या कातरल्या मी.
मेंढीला बुडावर बसवायचं,
पाठ आपल्या गुडघ्याला टेकवून.
तोल सुटला की ती लाथ मारत नाही.
आज मीच तसा बसलोय."

स्पिरिट. तो शहारतो.
बाहेर सामुद्रधुनीचा वारा
छपराच्या पत्र्याला धरून बसलाय सकाळपासून.
बोटांनी मणके मोजते.
वाकून वाकून बुजत आलेल्या फटी.
पहिल्यांदा हाड लागतं. मागे घेते.
पुन्हा.

कातडी, मग तो चिवट पडदा.
अंगठ्याखाली दट्ट्या अडतो,
अडतो,
अडतो,
आणि एकदम
अडत नाही.

इथेच थांबायचं.
केसभर पुढे पाणी आहे.
मार्चमध्ये एका बाईच्या पाठीत
मी तो केस ओलांडला.
नऊ दिवस ती डोकं धरून अंधारात पडून होती.
आता मासळीबाजारात हात हलवून हाक मारते,
आणि मी उगाच लिंबं निवडत बसते.
तीही भूलच. माझी.

दोऱ्याएवढी नळी खांद्यापर्यंत चिकटवते.
औषध. वाट बघणं.
बर्फाचा खडा: "गार लागतंय?"
"बेंबीला हो. मांडीला नुसता हात लागतोय कुणाचा तरी.
आणि पाय ऊब धरतायत, यास्नाबाई,
शेकोटीला कुणी नेलेत का माझ्याशिवाय?"

पडद्यापलीकडे हातोडा सुरू होतो.
"कोण ठोकतंय?"
"तुमच्याच घराचं काम चाललंय."
"मग खिळे मोजून घ्या," म्हणतो,
आणि अर्धा जागा, अर्धा कुठेतरी,
छताकडे बघत राहतो.

संध्याकाळी वॉर्डात
चादरीखाली अंगठा हलतो. एकदाच.
दोघंही तिकडे बघतो.
"कातरून सोडली ना, की मेंढी लगेच पळत नाही.
उभी राहते जरा.
हे अंग आपलंच का, असं काहीतरी."
"मग?"
"मग चरायला लागते."

मी बर्फाचा खडा पुन्हा मांडीवर ठेवते.
"आता?"
तो डोळे मिटतो, नीट विचार करतो.
"थोडं," म्हणतो. "थोडं थोडं गार."