अर्धी पाटी

सियागंजात शिडीवरून पडला अच्युतदादा,
'मसाले'मधला 'ले' तसाच राहिला.
सत्त्याऐंशी साल. एम. वाय.मध्ये दोन बाटल्या रक्त.
कुणाचं, ते कुणी विचारलं नाही.
त्यातल्या विषाणूला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.
दादा मात्र दर अकरा जूनला
त्या न पाहिलेल्या माणसासाठी
नारळ फोडायचा.

तीस वर्षं यकृत काही बोललं नाही.
मग डोळ्यांत हळद, पायांवर सूज,
पोट असं, की लेंग्याची नाडी पुरेना.
"कितनी पीते थे, भिया?" वॉर्डात जो तो विचारतो.
वहिनी आधी चिडायची, मग रडायची,
आता सरळ सांगते, "उसाचा रस."

मीठ बंद.
शेवेच्या या गावात!
अळणी पोह्यांकडे दादा बघतो
कुणीतरी शुद्धलेखनाची चूक केल्यासारखा.

सुईनं पाणी काढतात. साडेचार लिटर.
पुढच्या गुरुवारी पुन्हा तेवढंच.

डॉक्टरीणबाई रोज कागद पुढे करतात: नाव लिहा.
अर्ध्या इंदूरची नावं रंगवलेला हात
पंखासारखा फडफडतो.
सोमवारी 'अच्युत'.
बुधवारी 'अच्यु'.
शुक्रवारी त्यानं लिहिलं 'मसाले',
'ले'सकट.

न राहवून मी म्हणालो,
त्या बाटल्यांनीच घात केला रे.
तो छताकडे बघत राहिला,
मला वाटलं, पोचलं नाही.

"तीस वर्षं," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
"नारळ आणलास?"