चौदा पॉइंट दोन

शुक्रवारी रात्री अमर महलच्या पुलावर
डॅशबोर्डवर लाल बॅटरी उगवली, पोस्टाच्या तिकिटाएवढी.
रेडिओ खोकून गप्प झाला.
हेडलाइट आधी पिवळे, मग ताकासारखे,
आणि हॉर्न, ज्याच्या जिवावर आपण या शहरात पुढे सरकतो,
आजारी करडासारखा.

सदानंदनने मीटरची दोन टोकं टेकवली.
“आल्टरनेटर गेला,” म्हणाला,
शेजारचे गावाला गेले असं सांगावं तसं.
“नवीन नऊ हजार. भरलेला साडेचार. मजुरी आठशे.
दुपारी घेऊन जावा.”

दुपारी!
म्हणजे फार तर दोन तासांचं काम.
सतरा वर्षं मी विमा कंपनीत बसून
लोकांच्या चेपलेल्या गाड्यांची बिलं तपासतो.
‘मजुरी’च्या आकड्याभोवती लाल गोल काढायचा,
आठशेचे साडेपाचशे करायचे, खाली सही.
ह्यावर घर चालतं.
मला कोण शिकवणार आठशे.

कुर्ल्याला, जिथे गाड्यांचे अवयव
खाटकाकडच्यासारखे आकड्याला टांगलेले असतात,
एकाने तो हातात तोलला कलिंगडासारखा,
पुली गरकन फिरवून दाखवली. सव्वीसशे.
गॅरंटी?
“दुकानाबाहेर पाऊल पडेपर्यंत.”

रविवार. सोसायटीचं आवार.
कारखानीस खिडकीतून: इथे दुरुस्ती चालत नाही, ठराव आहे.
वसुधा वरून: हात दाखवून अवलक्षण.
फक्त तळमजल्यावरची जुईली, वय नऊ, टॉर्च धरायला आली.
“काका, तुम्हाला हे येतं?”
“निगेटिव्ह आधी काढायचा,” मी म्हणालो.
तेवढं मला येत होतं.

वरचा बोल्ट निघाला. मनात आठशे जमा केले.
खालचा होता तिथे
डोळा पोचत नाही,
पाना पोचला तर फिरत नाही,
फिरला तर सटकतो.
बोटांच्या पेरांची सालं निघाली.
बारा वाजता पान्याने बोल्टचे कोपरे खाल्ले.
दीडला जुईली जेवायला गेली, टॉर्च घेऊन.
तीनला मी सदानंदनच्या दारात, कोपरापर्यंत काळा,
दुसऱ्याच्या परीक्षेला बसून पकडला गेलेला.

तो लुंगीवरच आला.
हात आत घातला, कुठेही न बघता.
दुसऱ्या हातात फोन; बहिणीशी असावा,
मल्याळममधून, घरच्या कौलांबद्दल की लग्नाबद्दल,
आणि आत खोल कुठेतरी
काहीतरी कट्ट म्हणालं.
फोन अजून संपला नव्हता.

“बाकी मी करतो.”
“करा.” पायरीवर बसला.
बेल्ट मी दोनदा चुकीचा चढवला.
दोनदा त्याने घसा खाकरला.

गाडी सुरू झाली.
त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक आल्टरनेटरला लावलं,
मूठ कानाला,
आणि डोळे मिटले,
आतल्या खोलीत बाळ झोपलंय का ऐकावं तसे.
मीटर: चौदा पॉइंट दोन.
“बेअरिंग सहा महिने,” म्हणाला.

किती द्यायचे?
त्याने जुना आल्टरनेटर काखेत मारला.
“हा राहू दे माझ्याकडे.”
तो भरून साडेचारला विकेल.
मला कळतं. माझं कामच ते.

सोमवारी टेबलावर मुलुंडची फाइल.
आल्टरनेटर काढणे-बसवणे, मजुरी: नऊशे पन्नास.
लाल पेनचं टोपण काढलं.
नखांत अजून काळं, रॉकेलनेही न गेलेलं.
खिशात एक वॉशर,
कुठल्या बोल्टचा, मला माहीत नाही;
गाडीला माहीत असेल, पण ती बोलत नाही, चालते.

साहेबांनी विचारलं, झालं का?
म्हटलं, थांबा जरा,
हा आकडा मला नीट वाचता येत नाहीये.