मोजणी

प्रशिक्षणाच्या खोलीत पंखा नुसता फिरतो,
वारा येतो तो होटगी रोडवरचा, तापलेला.
फरशीवर आडवा रामण्णा : कमरेखाली काहीच नाही,
रबरी छाती, उघडं तोंड,
कपाळावर कुणीतरी बॉलपेननं काढलेलं गंध.

हत्तुरे सर म्हणतात, आधी जागा बघा.
तार लोंबतीय का, गॅस गळतोय का,
तुम्हीच आडवे झालात तर दुसरी गाडी कोण बोलावणार?
मग माणूस. खांदे हलवा, हाक मारा,
श्वास बघा, दहा सेकंदांच्या आत.
नाही? मग विचार करत बसू नका, दाबा.

दोन इंच. मिनिटाला शंभर ते एकशेवीस.
पोरं आकडे पुटपुटतात, कुणी मोबाईलवर टिकटिक लावतं.
मला काही लावावं लागत नाही.
नीलमनगरात मागच्या खोलीत
नान्नांचा माग बावीस वर्षं चालला,
खटाक् खटाक्, माझ्या झोपेतही.
तोच वेग.

"येमुल, हात बरोबर पडतोय," सर म्हणाले,
"पण छाती वर येऊ दे पुरती.
दाबणं अर्धं काम, सोडणं अर्धं."

मागाला सोडणं माहीत नव्हतं.

पहिला कॉल मे महिन्यात, भर दुपारी,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
बेशुद्ध माणूस. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही.
एकानं नाकाशी कांदा धरलेला,
दुसरा तोंडात तांब्या ओतायच्या बेतात.
मी ओरडले. माझाच आवाज मला अनोळखी :
"तोंडात नको! अंगावर ओता!"
कुशीवर वळवला, शर्टाची बटणं तोडली,
टॉवेल भिजवून आणा म्हटलं.
मुकादम घुटमळला, "ताई, एक्स्पोर्टचा माल आहे..."
आणि मग स्वतःच गठ्ठा फोडला.
रसवंतीवाल्याचा बर्फ मानेला, बगलेत, जांघेत.

सिव्हिल येईतो तो काहीतरी बडबडला,
बायकोचं नाव असेल, नाहीतर गावाचं.
पुढं काय झालं, कळलं नाही.
कागदावर वेळ लिहिली, सही केली,
गाडी पुसून घेतली.

रात्री अम्मा उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली,
वळलेल्या विड्या मोजत, पंचवीसचा एक कट्टा,
ओकटी, रेंडु, मूडु...
मी शेजारी बसले, तिचं डावं मनगट धरलं.
दोन बोटं, अंगठा नाही.
अंगठ्यानं आपलीच नाडी लागते.
पंधरा सेकंद, गुणिले चार.

"काय करायलीस गं?"
"बोलू नको. मोजायलेय."
"मी पण मोजायलेय की!"

दोघींचीही मोजणी चुकली.
तिनं हातातला कट्टा सुपात सोडला.
मी मनगट सोडलं नाही.
पुन्हा पहिल्यापासून :
ओकटी.