रोजचे दीड जीबी

बारा वाजले की नवा डेटा येतो.
तोवर आम्ही तिघी गच्चीत, पाण्याच्या टाकीला पाठ लावून.
टाकी दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट.
खाली मखमलाबाद नाक्यावर शेवटची रिक्षा उलटी वळते
आणि शगुफ्ता म्हणते, चला, आला.

एकच इअरफोन. डावा कान माझा, उजवा तुळसाचा,
शगुफ्ताला ओठ वाचावे लागतात.
पडद्यावरच्या बाई दातांत जीभ धरून दाखवतात:
थ. थर्सडे. थर्टी थ्री.
आमचा थ तसा नव्हेच म्हणे,
थालीपिठातला, थंडीतला, थोरल्या काकूतला,
तो जाड. हा म्हणजे नुसती वाफ.
आम्ही अंधारात जिभा बाहेर काढून बसतो.
एकदा रेक्टर मॅडम वर आल्या
आणि काही न बोलता खाली गेल्या.

पुस्तकातलं मला सगळं येतं.
झायलेम येतं, फ्लोएम येतं,
प्रकाशसंश्लेषणाची अख्खी साखळी घडाघडा.
'जरा सरकता का' येत नाही.
'तुमचा चहा गार झाला' येत नाही.
अंबडच्या कंपनीत मुलाखतीला गेले,
बाकावरच्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, कशी आलीस?
मी म्हटलं, फाइन, थँक्यू.

शगुफ्ता मालेगावची. तिच्या वहीत 'द'चा हिशेब असतो,
कुठे लागला, कुठे विसरला.
म्हणते, इतक्या धाग्यांतला एक तुटला
तर अब्बांना लूमच्या आवाजावरून कळतं.
मला कधी कळणार, इथे द पाहिजे होता?

एक ॲप आहे, अनोळखी माणसाशी पाच मिनिटं जोडून देतं.
परवा मला इझमिरचा एक पाववाला लागला,
पहाटेचं पीठ मळून ठेवून बसला होता.
म्हणाला, टेल मी युवर विंडो.
आता गच्चीला कुठली खिडकी.
तरी मी पाहिलं: रामवाडी पुलाचे दिवे,
कुणाच्या बाल्कनीत विसरलेली सतरंजी,
आणि नदीकडून येणारा तो वास,
कुबट नाही, गारही नाही, दगडांना रात्री येतो तसा.
मी म्हटलं, रिव्हर इज… रिव्हर इज…
तो म्हणाला, येस. येस.
त्यालाही पुढचं येत नव्हतं.
वेळ संपली.

तुळसा मुळातच कमी बोलते. मराठीतही मोजूनमापून.
दोन वर्षं एका खोलीत राहून आम्ही ठरवून टाकलं होतं,
हिचं इंग्रजी काही खरं नाही.
काल तिला कॉल लागला.
माय ब्रदर गो येस्टरडे, माय ब्रदर फॉल, माय ब्रदर लाफ,
धडाधड, एकही क्रियापद जागेवर नाही,
आणि पलीकडची बाई खळखळून हसतेय,
भावाला लागलं का म्हणून विचारतेय.

भीती नाही वाटत तुला? आम्ही विचारलं.
एकदा केलंय ना हे, ती म्हणाली.
कधी?
पहिलीत. सुरगाण्याकडं, आश्रमशाळेत.
तेव्हा मराठी होती.
मागं नेऊन परत ऐकता यायचं नाही,
गुरुजी एकदाच बोलायचे.
पाणी मागता येईपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली.

शगुफ्तानं वही मिटली.
मला आईचा फोन आठवला, संध्याकाळचा:
काय करी ऱ्हायनी माय?
आणि मी, या दोघींसमोर, छापील मराठीत,
अभ्यास करते आहे, आई.

तुळसानं इअरफोन ओढणीला पुसला,
आपल्या कानातला शगुफ्ताच्या कानात घातला.
मघाचं परत लाव, म्हणाली, थ वालं.
टाकी आता गार पडलेली.
दीडपैकी सव्वा जीबी अजून शिल्लक होतं.